परदेशातल्या अवयवचोरीचा निषेध ठराव करून नक्की काय होतं?

भटका_एडिसन

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

गेल्या शनिवारी इथे न्यू जर्सीत आमच्या फार्मर्स मार्केटच्या बाहेर पिवळे टीशर्ट घातलेली काही चिनी माणसं उभी होती. त्यातल्या एका मावशींनी हातात पत्रक दिलं आणि क्लिपबोर्ड पुढे केला. म्हणणं असं की चीनमध्ये फालुन गोंग या ध्यानधारणा करणाऱ्या पंथाच्या लोकांना तुरुंगात टाकून त्यांचे अवयव काढून विकतात, तर आपल्या राज्याच्या विधिमंडळाने याचा निषेध करणारा ठराव करावा म्हणून सही द्या. मी घरी वाचून मग सांगतो म्हणून सटकलो, बायको गाडीत वैतागली होती.

घरी येऊन शोधलं तर असे ठराव कितीतरी निघाले. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने जून २०१६ मध्ये केलाय (नंबर ३४३), युरोपियन पार्लमेंटने डिसेंबर २०१३ मध्ये केला, २०२२ ला परत केला, २०२४ ला आणखी एक. इकडची अनेक राज्यं पण करून बसलीत. आणि चीनचं उत्तर दर वेळी एकच, हे सगळं खोटं आहे, आमच्या अंतर्गत मामल्यात नाक खुपसू नका.

मग मला प्रश्न असा पडला की दहा-दहा वर्षं नुसते निषेध चाललेत तर त्याने तिकडच्या एखाद्या सर्जनचा हात थांबतो का, का हे आपलं आमदारांना काहीतरी केल्यासारखं दाखवायला? आणि मुळात यात खरं किती? सप्टेंबर २०२५ मध्ये बीजिंगच्या परेडला पुतिन आणि शी जिनपिंग चालताना माइक चालू राहिला होता आणि अवयव बदलत राहिलं तर माणूस तरुण होत जाईल, दीडशे वर्षं जगेल वगैरे बोलणं पकडलं गेलं होतं, तेव्हापासून तर व्हॉट्सअॅपवर या विषयावर वाट्टेल ते फिरतंय. आपल्या संसदेने यावर काही केलंय का हेही कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

तिरकस_तात्या

सही करायच्या आधी ते पत्रक कोणी छापलं ते बघा. ईपॉक टाइम्स नावाचा पेपर फालुन गोंगवाल्यांचा आहे, त्यांचा तो शेन युनचा नाच पण त्यांचाच, ट्रम्पच्या प्रचारात आणि कोविडच्या अफवांमध्ये या पेपरने काय दिवे लावले ते अमेरिकेत राहून तुम्हाला माहीत असेलच. २०२४ मध्ये त्यांच्या एका बड्या अधिकाऱ्यावर मनी लाँडरिंगचा खटला भरला गेलाय. हे लोक जे आकडे देतात, वर्षाला साठ हजार ते एक लाख ट्रान्सप्लांट, ते २०१६ च्या एका रिपोर्टातले आहेत आणि ते हॉस्पिटलच्या बेडच्या संख्येवरून वगैरे काढलेत. चीनचा स्वतःचा आकडा तेव्हा दहा हजाराच्या आसपास होता. एवढ्या ऑपरेशननंतर आयुष्यभर घ्यायची जी औषधं लागतात त्यांचा खप बघून वॉशिंग्टन पोस्टने २०१७ मध्ये लिहिलं होतं की लाखाचा आकडा बसत नाही.

आणि अमेरिकेला चीनचा निषेध करायला काय, निमित्तच हवं असतं. त्यांच्या ग्वांटानामोच्या तुरुंगावर कोणी ठराव केला होता का?

---

सातारी_वकील

तात्या, पेपर कोणाचा ते बघा हे एकदम मान्य. पण त्या पेपरला बाजूला ठेवून सुद्धा बरंच उरतं, ते दोन ढिगात वेगळं करून बघितलं तर भांडण कमी होईल.

पहिला ढीग, ज्यावर वादच नाही. फाशी दिलेल्या (म्हणजे तिकडे बहुतेक वेळा गोळी घातलेल्या) कैद्यांचे अवयव चीनमध्ये वापरले जात होते. १९८४ चा त्यांचा सरकारी नियमच होता तसा. बरीच वर्षं नाही नाही म्हणत होते. जून २००१ मध्ये वांग ग्वोची नावाचा तिएनजिनचा एक बर्न्स डॉक्टर अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीसमोर येऊन सांगून गेला की मी स्वतः कैद्यांच्या प्रेतांवरची कातडी काढलीये. चीनने त्याला खोटारडा ठरवलं. आणि चारच वर्षांनी, २००५ मध्ये, त्यांचेच उप-आरोग्यमंत्री हुआंग जिएफू यांनी मनिलाच्या परिषदेत कबूल केलं की हो, बहुतेक अवयव कैद्यांचेच असतात. मग जाहीर केलं की १ जानेवारी २०१५ पासून फक्त ऐच्छिक दान. म्हणजे त्या आधीचं त्यांनीच मान्य केलंय, त्यासाठी फालुन गोंगचा पेपर वाचायची गरज नाही.

दुसरा ढीग, फाशीची शिक्षा न झालेल्या, नुसत्या श्रद्धेपायी आत टाकलेल्या लोकांना अवयवांसाठी मारलं का आणि किती जणांना. फालुन गोंगवर जुलै १९९९ मध्ये बंदी आली आणि त्यानंतर तिकडे ट्रान्सप्लांटची संख्या एकदम फुगली, हा योगायोग आहे का यावरून सगळं सुरू झालं. २००६ मध्ये डेव्हिड किल्गोर (कॅनडाचे माजी खासदार आणि मंत्री) आणि डेव्हिड मेटास (मानवी हक्कांचे वकील) यांनी रिपोर्ट काढला, त्यात २००० ते २००५ मधल्या ४१,५०० ट्रान्सप्लांटचे अवयव आले कुठून याचा हिशोब लागत नाही असं म्हटलंय. मग २०१९ मध्ये लंडनला चायना ट्रिब्युनल बसलं, अध्यक्ष जेफ्री नाइस, ज्यांनी हेगला सर्बियाच्या माजी राष्ट्राध्यक्ष मिलोसेविचवरचा युद्धगुन्ह्यांचा खटला चालवला होता ते. त्यांनी निष्कर्ष दिला की हे वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणावर झालंय आणि फालुन गोंगचे लोक हा एक स्रोत, बहुधा मुख्य स्रोत होता. आता तात्यांसाठी सांगते, हे सरकारी कोर्ट नव्हतं, ते बसवायला सांगणारी संस्था या विषयावर मोहीम चालवणारीच होती, आणि चीनने तिथे येऊन बाजू मांडली नाही. पण हेही बघा की त्याच ट्रिब्युनलने उइघुरांच्या (चीनमधले अल्पसंख्य मुस्लिम) बाबतीत पुरेसा पुरावा नाही असं सांगितलं आणि वंशसंहार झाला असा निकाल द्यायचं टाळलं. नुसता प्रचारच करायचा असता तर तेही ठोकून दिलं असतं.

आता भटक्यांचा मूळ प्रश्न. अमेरिकेतला तो ३४३ नंबरचा ठराव म्हणजे एका सभागृहाचं मत. तो सेनेटकडे जात नाही, राष्ट्राध्यक्षांच्या सहीला जात नाही, त्याने कोणाला शिक्षा होत नाही. युरोपियन पार्लमेंटचं पण तेच. चीनमधला हात अशाने थांबत नाही, थांबणारच नाही, कारण तिथे आपलं कोर्ट नाही आणि पोलीस नाही. संसदेला आवर घालता येतो तो फक्त आपल्या माणसांना, म्हणजे आपला पेशंट, आपला दलाल, आपली विमा कंपनी, आपलं ट्रेनिंग देणारं हॉस्पिटल. ज्या देशांनी निषेधावर न थांबता हे केलं तिथेच काही हललं.

इस्रायलचं उदाहरण घ्या. २००५ मध्ये जेकब लावी नावाच्या हार्ट सर्जनला त्यांचा पेशंट म्हणाला, मला विमा कंपनीने चीनमध्ये दोन आठवड्यांनी अमुक तारखेला हृदय मिळेल असं सांगितलंय. आणि तो गेला, त्याच तारखेला हृदय मिळालं. लावी हादरलेच. ते मागे लागले आणि २००८ मध्ये इस्रायलने कायदा केला की परदेशात असा संशयास्पद ट्रान्सप्लांट केला तर विम्याचे पैसे मिळणार नाहीत, शिवाय देशात जो स्वतः डोनर म्हणून नाव नोंदवेल त्याला यादीत प्राधान्य. ही जोडगोळी महत्त्वाची आहे, नुसती बंदी घातली असती तर पेशंट मेले असते. चीनला जाणाऱ्यांची रांग आटली आणि घरचं दान वाढलं.

स्पेनने २०१० मध्ये फौजदारी कायद्यात कलम घातलं, तैवानने २०१५ मध्ये, ब्रिटनने २०२२ मध्ये. अमेरिकेत मात्र गंमत आहे. स्टॉप फोर्स्ड ऑर्गन हार्वेस्टिंग अॅक्ट नावाचं बिल मार्च २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहात ४१३ विरुद्ध २ मतांनी पास झालं, त्यात दलालांवर निर्बंध, पासपोर्ट रद्द करणं, दात असलेल्या तरतुदी होत्या, आणि सेनेटमध्ये जाऊन ते बसलं ते बसलंच. मे २०२५ मध्ये परत खालच्या सभागृहात पास झालं, ४०६ विरुद्ध १. निषेधाला सगळे हात वर करतात, कायद्याच्या वेळी वरच्या मजल्यावर फाइल सापडत नाही.

---

पुणेरी_नेफ्रो

वकीलताईंनी कायद्याचं सगळं लिहिलंय, मी फक्त माझ्या कामातलं लिहितो कारण ती तारखेची गोष्ट ऐकून लोकांना त्यात एवढं काय असं वाटू शकतं.

किडनी जिवंत माणूस देऊ शकतो, त्यामुळे तिची तारीख ठरते, आम्ही ठरवतोच, आई मुलाला देतेय तर गुरुवारी करू. हृदयाचं तसं नसतं. हृदय देणारा ब्रेन डेड असावा लागतो आणि काढल्यापासून साधारण चार तासात ते दुसऱ्याच्या छातीत चालू व्हावं लागतं, म्हणून तर पुण्या-मुंबईत ग्रीन कॉरिडॉर करून अँब्युलन्स पळवतात. कोणाचा अपघात कधी होईल, कोणाला ब्रेन हॅमरेज कधी होईल, त्याचा रक्तगट काय असेल, घरचे हो म्हणतील का, हे दोन आठवडे आधी कोणाला कळणार? आमच्याकडे झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) यादीत नाव टाकून लोक वर्षानुवर्षं डायलिसिसवर काढतात, फोन रात्री दोनला येतो, कधी येतच नाही. २००६ च्या सुमारास शेनयांगच्या एका केंद्राच्या वेबसाइटवर किडनी ६२ हजार डॉलर, लिव्हर ९८ हजारापासून पुढे असा रेट लावलेला होता आणि डोनर आठवडा-महिन्यात मिळेल असं लिहिलेलं. ज्या देशात तेव्हा ऐच्छिक दानाची व्यवस्थाच नव्हती तिथे एवढ्या लवकर म्हणजे डोनर आधीपासून कुठेतरी तपासून ठेवलेला आहे, यापेक्षा वेगळा अर्थ मला तरी लावता येत नाही.

दुसरं, २०२२ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ ट्रान्सप्लांटेशनमध्ये मॅथ्यू रॉबर्टसन आणि हेच वरचे लावी यांचा पेपर आला. त्यांनी चिनी भाषेतले २,८३८ शोधनिबंध तपासले, चिनी डॉक्टरांनी स्वतः आपल्या ऑपरेशनबद्दल लिहिलेले. ब्रेन डेड ठरवताना एक अॅप्निया टेस्ट असते, पेशंट आधीपासून व्हेंटिलेटरवर असतो, तो थोडा वेळ काढून बघायचं की स्वतःहून श्वास घेतो का. म्हणजे नळी घशात आधीच असली पाहिजे. त्यातल्या ७१ निबंधांमध्ये लिहिलंय की ब्रेन डेड ठरवल्यानंतर नळी घातली, किंवा मग नुसता मास्क लावून हृदय काढायला घेतलं. मग ब्रेन डेड ठरवलं कसं? ते ठरवलेलंच नव्हतं. माणूस मेला तो हृदय काढताना. हे मी वाचलं तेव्हा दोन वेळा परत वाचलं. आपल्याकडे चार डॉक्टरांचं पॅनल लागतं, टेस्ट दोनदा, मध्ये किमान सहा तास, आणि तरी नातेवाईक दहा प्रश्न विचारतात, विचारायलाच पाहिजेत.

तात्या, ते निबंध १९८० ते २०१५ मधले आहेत, त्यामुळे त्यावरून आजचं काही सिद्ध होत नाही हे मी आधीच सांगतो. पण २०१५ नंतर सगळं सुधारलं या दाव्यावर २०१९ चा एक पेपर आहे, बीएमसी मेडिकल एथिक्समधला. चीनचे ऐच्छिक दानाचे वार्षिक आकडे एका वर्गसमीकरणाच्या वक्रावर जवळजवळ तंतोतंत बसतात. खऱ्या दानाचे आकडे कुठल्याही देशात असे बसत नाहीत, वर-खाली होतात. सोसायटीच्या ऑडिटमध्ये बारा महिने पाण्याचं बिल शाळेतल्या पाढ्यासारखं वाढत गेलं तर तुम्ही सेक्रेटरीला काय विचाराल?

---

तिरकस_तात्या

डॉक्टर, नळीचा मुद्दा मला माहीत नव्हता. भयंकर आहे. लाखाच्या आकड्यावर माझं मत तेच.

---

पुणेरी_नेफ्रो

लाखाच्या आकड्यावर मी पण पैज लावणार नाही. एक माणूस असा मारला तरी तो खूनच आहे.

---

मांडवीकाठी

चीन-चीन ठीक आहे पण आपल्याकडे काय कमी झालंय? ऐंशीच्या दशकात अरब देशांतून लोक मुंबईला आणि मद्रासला किडनी घ्यायला यायचे, उघड उघड. २००८ चं गुरगावचं प्रकरण आठवा, शेकडो मजुरांच्या किडन्या, म्होरक्या नेपाळमध्ये सापडला. तेव्हा आपण कोणत्या तोंडाने निषेध करणार?

बाकी एक माहिती, गोव्याचा म्हणून अभिमानाने सांगतो. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा जो संसदेने केला तो संसदेला थेट करताच येत नव्हता, आरोग्य राज्यांचा विषय. तेव्हा घटनेच्या कलम २५२ खाली गोवा, महाराष्ट्र आणि हिमाचल या तीन विधिमंडळांनी ठराव करून संसदेला सांगितलं की आमच्यासाठी तुम्ही कायदा करा. कायद्याच्या पहिल्या पानावर या तीन राज्यांची नावं आहेत. फेब्रुवारी १९९५ पासून लागू. म्हणजे विधिमंडळाच्या ठरावाने काहीच होत नाही असं नाही हो.

---

सातारी_वकील

वा, हे उदाहरण मस्त काढलंत दादा. यात ठराव आपल्याच दोषावर होता आणि त्याच्या मागे कायदा आला, म्हणून तो कामाचा झाला. २०११ च्या दुरुस्तीनंतर पैसे घेऊन अवयवाचा व्यवहार केला तर पाच ते दहा वर्षं आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे. राज्याराज्यात किती प्रकरणं शेवटपर्यंत टिकतात हा वेगळा धागा होईल.

पण तोंडाच्या प्रश्नावर असहमत. आपलं घर स्वच्छ नाही म्हणून शेजारच्या खुनाबद्दल बोलायचं नाही असा नियम लावला तर जगात कोणीच कोणाबद्दल बोलू शकणार नाही. शिवाय फरक आहे. आपल्याकडे तो गुन्हा आहे आणि पोलीस पकडतात (कधीकधी). तिकडे आरोप असा आहे की तुरुंग, पोलीस आणि लष्करी हॉस्पिटल यांची साखळीच ते करते.

भटका, भारतीय संसद परदेशातल्या गोष्टींवर फार क्वचित असं बोलते. एप्रिल २००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याबद्दल लोकसभेने एकमताने ठराव केला होता, तसं. आपल्याकडची खरी फट वेगळीच आहे. भारतीय माणूस परदेशात जाऊन विकतचा अवयव घालून आला तर त्याला पकडायला कॅनडासारखं स्पष्ट कलम आपल्या १९९४ च्या कायद्यात नाही. न्याय संहितेत माणसांच्या तस्करीच्या कलमात जबरदस्तीने अवयव काढणं धरलंय आणि संहिता भारतीय नागरिकाच्या परदेशातल्या गुन्ह्याला लागू होते, पण त्यात तस्कर अडकतो, गिऱ्हाईक सुटतं.

---

ओंटारियोचा_बाब्या

कॅनडाचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्याकडे एस-२२३ नावाचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. संमती नसलेल्या माणसाचा किंवा पैसे देऊन मिळवलेला अवयव जाणूनबुजून परदेशात जाऊन बसवून घेतला तर इथे परत आल्यावर खटला, चौदा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि परदेशी माणूस यात गुंतला असेल तर देशात प्रवेश बंद. सिनेटर सलमा अताउल्लाजान यांनी आणलेलं. पण हे सहज झालं असं समजू नका, पहिलं बिल २००८ मध्ये आलं होतं, मग निवडणूक लागली की बिल मेलं, परत आणा, परत मेलं, असं चौदा वर्षं. कोणीही विरोधात नव्हतं तरी! शेवटी एकमताने पास झालं. ज्यांनी २००६ चा रिपोर्ट लिहिला ते किल्गोर त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले, आठ महिन्यांनी कायदा आला.

इथल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना, हा कायदा फक्त चीनपुरता नाही आणि पीआरवाल्यांना (कायम रहिवासी) पण लागू आहे. इकडे कुजबुजत चौकशी करणारे लोक मला भेटलेत, की गावाकडे कोणी गरजू असेल तर पाच-दहा लाख देऊन काम होईल का वगैरे. तसं केलं तर इथे पण गुन्हा आणि भारतात पण.

---

भटका_एडिसन

बापरे, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. म्हणजे सही करू की नको? त्या मावशी परत शनिवारी असणार आणि मला तोंड चुकवून भाजी घ्यायची नाहीये.

---

सातारी_वकील

ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आमदाराला वेगळा ईमेल टाका आणि त्यात ठरावाचं मागू नका. टेक्ससने २०२३ मध्ये कायदा केलाय की चीनमध्ये केलेल्या किंवा तिथून आणलेल्या अवयवाच्या ट्रान्सप्लांटचे पैसे आरोग्य विमा कंपनीने द्यायचे नाहीत, १ सप्टेंबर २०२३ पासून लागू. पुढच्या वर्षी युटा आणि आयडाहोने केला. विमा हा राज्याच्या हातातला विषय आहे, परराष्ट्र धोरण नाही, त्यामुळे तुमच्या राज्याच्या विधिमंडळाला हे खरंच करता येतं. टेक्ससचं सेनेट बिल १०४० असा उल्लेख करा, आमदाराच्या ऑफिसातल्या पोराला शोधायला सोपं जाईल. आणि सोबत राज्यातली डोनर नोंदणी वाढवायला काय करताय तेही विचारा, इस्रायलमध्ये त्या दोन्ही गोष्टी बरोबर केल्या म्हणून जमलं.

---

तिरकस_तात्या

विम्याच्या बिलाला माझी पण हरकत नाही. त्यात लाखाचा आकडा घालू नका म्हणावं, नाहीतर समितीत पहिला प्रश्न त्यावरच येईल आणि बाकीचं कोणी ऐकणार नाही.

---

ओंटारियोचा_बाब्या

+१ तात्या. आमच्या बिलात तर चीनचं नावसुद्धा नव्हतं.